आलापल्लीचा थेंब

महाराष्ट्राचा नकाशा पाहताना मुंबई-पुण्याच्या माणसाची नजर फार तर नागपूरपर्यंत जाते आणि तिथे दमून बसते. तिला आणखी थोडी चाल द्यावी. नागपूरच्या खाली वर्धा आणि वैनगंगा ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात, आणि तिथून पूर्वेला पार इंद्रावतीपर्यंत, जो हिरवा रंग पसरलेला दिसतो, तो पूर्वीचा चांदा जिल्हा. १९६४ च्या सुमारास चांद्याचे चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी वैनगंगेपलीकडचा मुलूख वेगळा काढून त्याचा गडचिरोली जिल्हा केला. नाव बदलले, कचेऱ्या दोन झाल्या. सागाला आणि बांबूला मात्र ह्याची खबर कोणी दिलेली नाही. नदीच्या दोन्ही काठांना तेच रान आहे.

प्रवासी मंडळी ताडोबापर्यंत येतात, वाघ दिसला तर आनंदाने आणि न दिसला तर हरिणांचे फोटो घेऊन परत जातात. त्यांना बोल लावण्याचे कारण नाही. पण ह्या मुलखाची खरी ओळख करून घ्यायची असेल तर चंद्रपूरहून दक्षिणेचा रस्ता धरावा. गोंड राजांच्या परकोटातून बाहेर पडले की बल्लारपूर, मग कोठारी, गोंडपिपरी. वैनगंगेचा पूल ओलांडला की आष्टी. पुढे आलापल्ली, रेपनपल्ली, जिमलगट्टा आणि शेवटी प्राणहिता जिथे गोदावरीला मिळते ते सिरोंचा. सव्वादोनशे किलोमीटरांच्या आत-बाहेरचा हा रस्ता. निघताना कानावर वऱ्हाडी वळणाची मराठी असते. आलापल्लीला हिंदी, तेलुगू, माडिया आणि मराठी अशी चार भाषांची खिचडी होते. आणि सिरोंच्याला पोहोचेपर्यंत चहावाला तुमच्याशी तेलुगूत बोलू लागलेला असतो. मात्र प्रांत एकच!

हा रस्ता माणसांच्या आधी लाकडांनी वापरला असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. आलापल्लीचा साग म्हणजे सागांतला सरदार. रेपनपल्लीजवळ कमलापूरला अजून वनखात्याचे हत्ती आहेत. तेही एके काळी ओंडके ओढायच्या कामावरचे. १९४५ मध्ये बल्लारपूरला पुठ्ठ्यांच्या गिरणीची कंपनी उभी राहिली, तिचा पुढे कागदाचा मोठा कारखाना झाला, आणि जंगलातला बांबू गाड्या भरभरून तिकडे जाऊ लागला. वाचकहो, तुम्ही शाळेत असताना ज्या वह्यांवर गणिते चुकवलीत, त्यांतली एखादी वही ह्या रस्त्याने बांबूच्या रूपाने आलेली असण्याचा बराच संभव आहे. अगदी अलीकडे, २०२३ च्या मार्चमध्ये, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेले तेही ह्याच भागातले. बल्लारपुरातून ते वाजतगाजत निघाले.

आणि हे सारे वाहिले कोणी? मालमोटारींनी. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. ते सहकार्य १९६९ मध्ये संपले आणि रेडिएटरवरचा तीन टोकांचा तारा गेला. पण एंजिनाची जात तीच राहिली. ओळीने सहा सिलिंडर, अंगापिंडाने दणकट, आणि एखाद्या घरच्या म्हाताऱ्यासारखे, कुरकुरत का होईना, पण काम करणारे. त्यातली १२१० नावाची गाडी तर ह्या भागात लोकांना बैलजोडीइतकी सवयीची झाली होती.

मी जिच्यात बसून आलो ती अशीच एक १२१०. साल १९९६, मे महिन्याचा अखेरचा आठवडा. सिरोंच्याहून चंद्रपूरला यायचे होते, आणि जिमलगट्ट्याच्या अलीकडे एका तेंदूपत्त्याच्या गाडीवाल्याने मला केबिनमध्ये जागा दिली. मालक तोच, चालकही तोच. हाताखाली पंधरा-सोळा वर्षांचा एक क्लीनर. गाडी जुनी, तिच्यावर सावकाराचे थोडे कर्ज, आणि पाठीवर तेंदूच्या पोत्यांचा दुमजली डोंगर.

तेंदूपत्ता म्हणजे विडीचे पान. एप्रिल-मे मध्ये गावेच्या गावे पहाटे रानात शिरतात, पाने तोडतात, घरी आणून ७० पानांचा एक पुडा बांधतात. असे १,००० पुडे झाले की एक प्रमाण गोणी. फळीवर पुडे उन्हात वाळवायचे, पोत्यांत भरायचे, आणि पाऊस यायच्या आत गोदामात नेऊन टाकायचे. वाळलेल्या पानाला पाणी लागले की ते काळे पडले, म्हणजे गेले. म्हणून मेच्या अखेरीस ह्या रस्त्यावर सगळ्यांची एक नजर रस्त्यावर आणि एक आभाळावर असते. शिवाय हे पान पापडासारखे कोरडे. ठिणगी पडली तर पाणी आणायलाही वेळ मिळायचा नाही.

आमची गाडी धूर ओकत होती. सकाळी चालू करताना पांढरा, डोळ्यांत झोंबणारा. आणि जरा चढण लागली की काळा, जाड, दोरखंडासारखा. दुसऱ्या गिअरवर यावे तिथे पहिला टाकावा लागे. पाण्याचा काटा लालकडे सरकलेला. रेपनपल्लीच्या पुढे एका लहानशा चढावर, रान दाट असल्यामुळे उजेड कमी होता, तेव्हा मी आरशात पाहिले : सायलेन्सरच्या तोंडातून काजळीचे लाल कण उडत होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गुडघाभर वाळलेला पाला, आणि वर आमचा पानांचा डोंगर.

“चढावर खेचतच नाही ना जी,” गाडीवाला म्हणाला. “पंप दुरुस्त करून आणला, तवापासून असंच होऊन राहिलं.”

शहरातल्या एका दुकानातून त्याने महिन्यापूर्वी पंप उघडून, नवे भाग घालून, बेंचवर तपासून घेतला होता. पैसे चांगले मोजले होते. पंप नवा झाला आणि गाडी म्हातारी झाली!

आलापल्लीच्या वननाक्यावर आम्हाला अडवले. नाक्यावरचा वनरक्षक वयाने लहान, पण डोळ्यांनी तेज. परवाना, गोण्यांचा आकडा सगळे पाहून झाल्यावर तो सायलेन्सरपाशी गेला, वाकला, आणि परत येऊन शांतपणे म्हणाला, “वस्ताद, कागद बरोबर आहेत. पण हे गाडी अशी पुढे जानार नाही. मागच्याच हप्त्यात वणवा विझवला आम्ही. ठिणग्या मारून राहिली ते.” गाडीवाल्याने विनवण्या केल्या. उशीर झाला तर माल भिजेल, ठेकेदार भाडे कापेल, हप्ता चुकेल. वनरक्षकाने सगळे ऐकून घेतले आणि दुपारच्या उन्हात तापलेल्या एका टिनाच्या छपराकडे बोट दाखवले. “मिस्त्री आहे तिथं. त्याले दाखवा. तो म्हणंल जा, तर जा.”

सरकारी अंमलदाराने एखाद्या यंत्राचा निकाल मिस्त्रीवर सोपवावा, हे मी तरी प्रथमच पाहिले. मला ते फार आवडले.

छपराखाली एक साठीकडे झुकलेला, बुटका, बनियन घातलेला गृहस्थ बसला होता. मायबोली तेलुगू, धंद्याची भाषा हिंदी, आणि गिऱ्हाइकाशी मराठी. त्याने गाडीला हात लावला नाही. “चालू कर,” म्हणाला, आणि डोळे मिटून उभा राहिला. एंजिनाचा आवाज मऊ, गुळगुळीत येत होता. मला तर तो बरा वाटला. मिस्त्रीने मान हलवली. “ठोका नाही. डिझेलला थोडा ठोका पाहिजे, साहेब. हा आवाज झोपलेल्या माणसाचा आहे. टायमिंग मागे आहे.”

आता टायमिंग म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आणि ते सांगण्यासारखेही आहे. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी टाकून इंधन पेटवतात. डिझेलमध्ये ठिणगी नसते. नळकांड्यात नुसती हवा घेतात आणि दट्ट्याने ती सोळा-सतरा पटींनी दाबतात. सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते ना, त्याचाच हा राक्षसी अवतार. दाबलेली हवा पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापते. नेमक्या त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन इंजिनिअरने १८९७ मध्ये आउग्सबुर्गला हे करून दाखवले. मात्र त्याच्या यंत्रात इंधन आत ढकलायला दाबलेल्या हवेचे अवजड साधन लागे. ते ट्रकावर कुठे ठेवणार? बॉशने १९२७ मध्ये आटोपशीर पंप बाजारात आणला, तेव्हा डिझेल एंजिन रस्त्यावर धावायला मोकळे झाले. आपल्याकडे १९५१ मध्ये बंगलोरला मायको कंपनी निघाली आणि हे पंप इथे बनू लागले. जुन्या ट्रकांच्या बॉनेटखाली एका कुशीला सहा नळ्या निघालेली जी लोखंडी पेटी दिसते, तीच ही. मिस्त्री लोक तिला नुसते ‘पंप’ म्हणतात, जसे घरात थोरल्या भावाला नुसते ‘दादा’ म्हणतात.

फवारा नेमका केव्हा मारायचा? दट्ट्या अगदी माथ्यावर पोहोचल्यावर मारला तर उशीर झाला, कारण डिझेलला पेटायलाही क्षणभर लागतो. म्हणून थोडा आधी मारायचा. किती आधी, ते मुख्य दांड्याच्या फिरण्याच्या अंशांत मोजतात. जुन्या एंजिनांत हा आकडा साधारण वीस अंशांच्या मागेपुढे. प्रत्येक एंजिनाचा वेगळा, आणि तो पाठ असावा लागतो. फार लवकर मारला तर वर येणाऱ्या दट्ट्याच्या डोक्यावर घणाचा घाव बसतो. ठोका कानात घुमतो, आणि पुढे-मागे दट्ट्या तरी फुटतो नाहीतर हेडची गॅस्केट तरी जाते. उशिरा मारला तर आवाज गोड येतो, पण ताकद नाही. नळकांड्यात जळायचे ते डिझेल जळतजळत सायलेन्सरच्या वाटेला लागते. मग काळा धूर, तापलेले पाणी, आणि आमच्यासारख्या ठिणग्या.

मिस्त्रीने गाडी सावलीत घेतली. आधी क्लीनरकडून पंपाभोवतीच्या जमिनीवर पाणी शिंपडून घेतले, धूळ बसावी म्हणून. मग पंप बाहेरून डिझेलने धुतला. देवपूजेच्या आधी जागा सारवावी तसे हे चालले होते. पहिल्या सिलिंडरच्या नळीची चूड सोडली. तिच्याखालचा झडपेचा भाग उघडला. आतली इवलीशी डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि तिची स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवली. “फडक्यानं पुसायची नाही,” त्याने क्लीनरला बजावले. “धागा जातो. एक धागा, आणि गाडी आष्टीला बंद.” मग वरचे तोंड परत बसवून त्यावर हंसाच्या मानेसारखी वाकवलेली एक बोटभर नळी चढवली. ती त्याने जुन्या पायपाच्या तुकड्यातून स्वतः केलेली होती आणि तिला इतकी वर्षे हात लागले होते की ती चांदीसारखी चकाकत होती.

पुढची पायरी म्हणजे पहिला दट्ट्या दाबाच्या फेरीवर आहे की धूर सोडण्याच्या, हे ओळखणे. दोन्ही फेऱ्यांत तो माथ्यावर येतो, आणि चुकीची फेरी धरली तर सगळेच उलटे. मिस्त्रीने हेडवरचे झाकण काढून सहाव्या सिलिंडरकडे पाहिले. सहाव्याच्या दोन्ही झडपा एकीची मिटायची आणि दुसरीची उघडायची अशा हलू लागल्या की पहिला दाबावर आहे, असे समजायचे. शेजाऱ्याच्या घरी दिवा लागला की आपल्याकडे संध्याकाळ झाली, अशातला हा प्रकार आहे, आणि तो कधी फसत नाही.

“वस्ताद, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून धर. सोडायचा नाही.” गाडीवाला केबिनमध्ये. दुसरा एक पोऱ्या डिझेलच्या हातपंपावर. क्लीनर पुढे, लांब पाना लावून एंजिन हाताने फिरवायला. हातपंप मारताच हंसाच्या मानेतून डिझेलची धार सुरू झाली. पंपाच्या पोटात एक दांडी वर-खाली होते, आणि तिच्या भोवतालच्या नळीला बाजूने एक भोक असते. दांडी खाली आहे तोवर भोक उघडे आणि डिझेल वाहते. दांडी वर चढून भोक झाकते त्या क्षणी वाट बंद होते, आणि तिथून पुढे दाब वाढून नोझलकडे फवारा निघतो. म्हणजे धार थांबली की फवाऱ्याची वेळ झाली. तपासायचे ते एवढेच.

क्लीनर एंजिन फिरवू लागला. पाना थोडा, आणखी थोडा. “हळू रे पोरा, हळू.” धार बारीक झाली. तुटली. थेंब पडू लागले. टप, टप. मग टप... आणि बराच वेळाने टप. आम्ही सगळे त्या नळीच्या टोकाकडे पाहत होतो. नाक्यावरचा वनरक्षकही येऊन उभा राहिला होता. एकदा क्लीनरचा पाना जरा जास्तच गेला. मिस्त्रीने त्याला रागे न भरता पाव फेरा मागे घ्यायला लावला आणि पुन्हा पुढून आणला. उलट्या दिशेने जुळवले तर दात्यांमधली ढिलाई खोटे बोलते, असे त्याचे म्हणणे. थेंब जेव्हा दहा-बारा सेकंदांना एक पडू लागला, तेव्हा मिस्त्री पुढच्या पुलीपाशी बसला, थुंकी लावून तिच्या कडेवरचे अंश पुसले आणि काटा कुठे आहे ते पाहिले.

“आठ अंश उशीर.”

कारण त्याने पंपाच्या कडेवर दाखवले. पंप जिथे एंजिनाला जोडतात तिथे दोन्ही भागांवर मिळून छिन्नीने मारलेली एक जुनी खूण असते. पंप काढून परत लावताना खुणेला खूण मिळवली की झाले, अशी सर्वसाधारण समजूत. पण दुकानात दुरुस्ती करताना पंपाची जुनी बॉडी बदलून दुसऱ्या गाडीची घातली होती. तिच्यावरची खूण त्या दुसऱ्या गाडीची! बांधणाऱ्याने घाईत तीच जुळवली. पंप निर्दोष, एंजिन निर्दोष, आणि दोघांची गाठ चुकीच्या मुहूर्तावर.

मी वहीत हिशेब केला. एंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १२,००० अंश होतात. आठ अंश म्हणजे सेकंदाचा १५०० वा भाग. तेवढ्या उशिरापायी एक गाडी नाक्यावर अडकली होती आणि एका माणसाचा हंगाम जायची वेळ आली होती. पंप मुख्य दांड्याच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणून एंजिनावरचे आठ अंश पंपावर चारच. पंपाचे बोल्ट सैल करून मिस्त्रीने त्याची बॉडी, आतला दांडा फिरतो त्याच्या उलट दिशेला, गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढी कलवली. पुन्हा बोल्ट, पुन्हा पाव फेरा मागे, पुन्हा धार, पुन्हा थेंब. तीन वेळा. तिसऱ्या वेळी काटा आकड्यावर आला, आणि त्याने जुन्या खुणेवर आडवी रेघ मारून शेजारी नवी खूण छिन्नीने कोरली.

व्हॉल्व्ह बसली, नळ्या लागल्या, फिल्टरपासून नोझलपर्यंत एकेक चूड सैल करून हवा काढली. गाडीवाल्याने सेल्फ मारला. पहिल्या उसळीला थोडा पांढरा धूर, मग एकदम कोरडा, खणखणीत आवाज. टकटक टकटक. मिस्त्रीने आता डोळे मिटले नाहीत. तो सरळ हात धुवायला गेला. वनरक्षकाने सायलेन्सरसमोर हात धरून पाहिला, नागेपल्लीकडे एक चक्कर मारून यायला लावली, आणि फाटक वर केले. मजुरी सव्वाशे रुपये झाली. शहरातल्या दुकानाने किती घेतले होते ते मी लिहीत नाही.

त्या दिवसांत अंधार पडल्यावर ह्या रस्त्याने कोणी गाडी हाकत नसे. त्याची कारणे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहेत. साडेतीनला निघालो. चढ आला की गाडीवाला माझ्याकडे बघून हसे आणि दुसऱ्या गिअरवर पाय रोवी. उजव्या हाताला पश्चिमेचे ऊन नसून ढग होते, असे मला वाटले. पण दिशांचा तो गोंधळ रस्त्याच्या वळणांचा होता, ढग मात्र खरे होते. आष्टीला चहा न घेता वैनगंगेवर आलो. पात्रात वाळूच फार, मधून पाण्याची एक निळी पट्टी. पूल संपता संपता टपोरे थेंब काचेवर पडले. गाडीवाला आणि क्लीनर दोघे उतरले आणि काही न बोलता ताडपत्रीचे दोर आवळू लागले. गोंडपिपरीपर्यंत पावसाने आमचा पाठलाग केला, पुढे त्याने नाद सोडला. रात्री गोदामात पोती उतरली तेव्हा वरच्या थरातली चार दमट होती, बाकी कोरडी.

पुढच्या काळात हा रस्ता बराच बदलला. २०१६ च्या डिसेंबरात सूरजागडच्या पहाडावर लोहखनिज वाहणाऱ्या कितीतरी गाड्या एका दिवसात जाळल्या गेल्या. नंतर खाण पुन्हा सुरू झाली, आणि आलापल्ली-आष्टीच्या रस्त्यावर दहा-दहा, बारा-बारा चाकांच्या ट्रकांची रांग लागली. ह्या गाड्यांत सहा नळ्यांची ती पेटी नाही. एकाच जाड नळीत भयंकर दाबाने डिझेल भरून ठेवलेले असते, आणि फवारा केव्हा मारायचा ते एक विजेची पेटी दर फेऱ्याला नव्याने ठरवते. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम इतके कडक झाले की जुन्या पंपाने ते पाळणे शक्यच नव्हते. धूर खरोखरच कमी झाला आहे, आणि त्याबद्दल तक्रार करणारा मी नाही. मात्र अशी गाडी रानात बंद पडली तर ती ओढूनच न्यावी लागते.

मागे आलापल्लीला उतरलो तेव्हा ते टिनाचे छप्पर शोधून काढले. आता तिथे मिस्त्रीचा पुतण्या बसतो. ट्रॅक्टर, धान-मळणीची यंत्रे, क्वचित एखादी जुनी १२१०, एवढे काम येते. काका घरीच असतात, ऐकायला कमी येते, असे तो म्हणाला. खिळ्याला ती हंसाच्या मानेची नळी टांगलेली होती. मी हात लावला, तेव्हा पुतण्या म्हणाला, “जपून जी, धूळ लागंल. उद्या सकाळी एक पंप बांधायचा आहे.”